‘विश्वास ठेवला’ आणि ‘डबा ठेवला’: स्मृती आणि अपेक्षा मोजणारा मराठी वाचनप्रयोग कसा रचावा

‘आजीने नातवावर विश्वास...’ इथवर वाचून झालं की वाचणाऱ्याच्या डोक्यात दोन कामं एकदम सुरू असतात. कर्ता कोण, विश्वास कुणावर, हे क्रियापद येईपर्यंत धरून ठेवायचं, आणि येणारं क्रियापद कोणतं असेल याचा अंदाजही बांधत राहायचं. पहिलं काम स्मृतीचं, दुसरं अपेक्षेचं. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येत असल्यामुळे ही दोन्ही कामं त्याच एका शब्दावर येऊन आदळतात.

आता ते क्रियापद चार-पाच शब्द पुढे ढकला. स्मृतीच्या हिशेबाने वाचन मंदावायला हवं, कारण आधीचे शब्द लांबून परत उचलावे लागतात. एडवर्ड गिब्सन यांनी १९९८ आणि २००० साली मांडलेला सिद्धांत हेच सांगतो. अपेक्षेच्या हिशेबाने मात्र जितकं थांबावं तितका अंदाज पक्का होतो, म्हणून क्रियापद उलट पटकन वाचून व्हायला हवं. जॉन हेल (२००१) आणि रॉजर लेव्ही (२००८) यांची मांडणी या बाजूची. एकाच शब्दाबद्दल दोन सिद्धांत उलट भाकितं करतात, आणि शब्दावर गेलेला वेळ तर साध्या लॅपटॉपवर मोजता येतो. खाली त्याच प्रयोगाची कृती आहे. भाषाशास्त्र किंवा मानसशास्त्राच्या पदव्युत्तर प्रकल्पाला तो पेलतो.

जर्मन भाषेत लार्स कोनिएच्नी यांना २००० साली असं दिसलं की लांब गेलेलं क्रियापद लोक जास्त वेगाने वाचतात. हिंदीत श्रवण वसिष्ठ आणि रिचर्ड लुईस यांनी २००६ साली तसाच कल दाखवला. मग २०१४ साली समर हुसेन, वसिष्ठ आणि नारायणन श्रीनिवासन यांनी हिंदीतच प्रश्न अधिक नेमका केला: अपेक्षा पक्की असेल तेव्हा आणि कच्ची असेल तेव्हा अंतराचा परिणाम वेगळा होतो का? त्यांच्या निष्कर्षानुसार पक्की अपेक्षा अंतराचा भार पुसून टाकते. त्यासाठी त्यांनी ‘खयाल रखना’सारखी जोडक्रियापदं वापरली. मराठीत अशा जोड्यांची वाण नाही: विश्वास ठेवणे, निर्णय घेणे, राजीनामा देणे, पाठलाग करणे.

(स्मृती म्हटलं की जॉर्ज मिलर यांचा १९५६ सालचा ‘सात, दोन इकडेतिकडे’ हा आकडा हमखास काढला जातो. या प्रयोगात त्याचा उपयोग नाही. इथे किती वस्तू मावतात हे मोजायचं नसून, आधी वाचलेला शब्द पुन्हा हाती यायला किती वेळ लागतो हे मोजायचं आहे.)

वाक्यांचा साचा

एका संचात चार वाक्यं. दोन गोष्टी बदलायच्या: नाम क्रियापदाची अपेक्षा पक्की करतं की कच्ची ठेवतं, आणि नाम व क्रियापद यांत अंतर कमी आहे की जास्त. नमुना असा:

१. पक्की अपेक्षा, कमी अंतर: आजीने पुन्हा एकदा कुणालाही न विचारता नातवावर विश्वास लगेच ठेवला आणि मग ती देवळात गेली.

२. पक्की अपेक्षा, जास्त अंतर: आजीने नातवावर विश्वास पुन्हा एकदा कुणालाही न विचारता लगेच ठेवला आणि मग ती देवळात गेली.

३. कच्ची अपेक्षा, कमी अंतर: आजीने पुन्हा एकदा कुणालाही न विचारता नातवासाठी डबा लगेच ठेवला आणि मग ती देवळात गेली.

४. कच्ची अपेक्षा, जास्त अंतर: आजीने नातवासाठी डबा पुन्हा एकदा कुणालाही न विचारता लगेच ठेवला आणि मग ती देवळात गेली.

या साच्यातली प्रत्येक जागा जाणूनबुजून ठरवलेली आहे. स्वतःचे संच करताना नेमकं काय राखायचं ते पाहा.

‘ठेवला’ चारही वाक्यांत दहावा शब्द आहे. वाक्य पुढे सरकतं तसतसे लोक वेग पकडतात, त्यामुळे एका वाक्यात क्रियापद सहावं आणि दुसऱ्यात अकरावं ठेवलंत तर मिळालेला फरक जागेचा की अंतराचा हे कधीच कळणार नाही. म्हणून जास्त अंतरासाठी शब्द वाढवलेले नाहीत, तेच शब्द नामाच्या अलीकडून पलीकडे नेले आहेत. याची किंमतही आहे. ‘विश्वास पुन्हा एकदा कुणालाही न विचारता लगेच ठेवला’ हा क्रम जरा अवघडलेला वाटतो. पण ‘डबा’च्या वाक्यातही तोच अवघडलेपणा आहे. त्यामुळे नुसत्या अंतराच्या परिणामावरून निष्कर्ष काढू नका. अपेक्षा बदलल्यावर अंतराचा परिणाम बदलतो का, हाच प्रश्न धरा.

‘लगेच’ हा शब्द चारही ठिकाणी क्रियापदाला चिकटून आहे. तो काढला तर कमी अंतराच्या एका वाक्यात ‘ठेवला’आधी ‘विश्वास’ येईल आणि दुसऱ्यात ‘डबा’. आधीचा शब्द अवघड असेल तर त्याचा वेळ पुढच्या शब्दावर सांडतो, आणि विश्वास हा सात चिन्हांचा जोडाक्षरी शब्द आहे तर डबा तीन चिन्हांचा. मधला समान शब्द हा सांडवा बराचसा झेलतो.

मधल्या भागात ‘कुणालाही न विचारता’ ठेवण्यामागे कारण आहे. गिब्सन यांच्या हिशेबात अंतर शब्दांवर मोजत नाहीत. मध्ये आलेल्या नव्या व्यक्ती, वस्तू आणि घटना मोजतात. ‘फारच हळूहळू अगदी सहज’ अशी नुसती क्रियाविशेषणं भरलीत तर शब्द वाढतात, भार जवळजवळ वाढत नाही. मध्ये एखादं धातुसाधित किंवा नाम हवंच.

क्रियापदानंतर ‘आणि मग ती देवळात गेली’ ही शेपटी चारही वाक्यांत अक्षरशः एकच. वाक्याच्या शेवटच्या शब्दावर लोक थांबून सगळं एकत्र जुळवतात, त्यामुळे तिथला वेळ कशाचा हे सांगता येत नाही. मोजायचा शब्द कधीही शेवटचा ठेवू नका.

मराठीचे म्हणून काही सापळे आहेत, आणि ते हिंदीतला प्रयोग नुसता उतरवून काढणाऱ्याला हमखास लागतात. कर्त्याला ‘ने’ लागला की वाचणाऱ्याला पुढच्या क्रियापदाच्या रूपाचा सुगावा लागतो: ‘ठेवला’सारखं भूतकाळी रूप, नाहीतर ‘ठेवावा’, ‘ठेवायला हवा’. पण ‘मी’ आणि ‘तू’ यांना तिथे ‘ने’ लागतच नाही. ‘मी विश्वास ठेवला’ आणि ‘मी विश्वास ठेवतो’ दोन्ही शेवटपर्यंत शक्य राहतात. म्हणून कर्ते सगळे तृतीयपुरुषी घ्या. शिकणे, विसरणे, बोलणे ही क्रियापदं टाळा, कारण ‘ती धडा विसरली’ इथे ‘ने’ येत नाही. पिणे तर नकोच. ‘प्याला’ की ‘प्यायला’ यावर वाचणारा अडखळेल आणि तो अडखळा तुमच्या आकड्यांत बसेल.

नामं पुल्लिंगी निवडा. या वाक्यांत क्रियापद कर्माप्रमाणे चालतं, म्हणून विश्वास आणि डबा दोन्ही पुल्लिंगी असले की क्रियापद ‘ठेवला’ असं एकच राहतं. नपुंसकलिंगी ‘लक्ष’ घेतलंत तर ‘ठेवलं’ लिहायचं की ‘ठेवले’, हा वाद सुरू होतो. एक बोलीचं, एक पुस्तकी, आणि प्रत्येक वाचकाला त्यातलं एक खटकतं. ‘ठेवला’ दोन्हीकडे सारखाच.

असे ३२ संच करा. क्रियापदं वाटून घ्या: ठेवणे, घेणे, देणे, लावणे, सोडणे, करणे. ‘करणे’ जास्तीत जास्त आठ संचांत ठेवा. ते मराठीत इतकं सर्रास येतं की काहीच न सुचलेला माणूसही तेच लिहितो.

अपेक्षा मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका

कुठली अपेक्षा पक्की आणि कुठली कच्ची हे रचणाऱ्याने ठरवायचं नसतं. प्रयोग बहुतेक इथेच फसतात. ‘नातवाच्या हातावर रुपया...’ हा कच्च्या अपेक्षेचा छान नमुना वाटतो, कारण रुपया देता येतो, हरवता येतो, मोडता येतो. पण ‘हातावर’ हा शब्द आला की जवळजवळ सगळे ‘ठेवला’च लिहितील. ‘टेबलावर डबा’चंही तेच. ‘दिवा’ म्हटलं की ‘लावला’ दारात उभाच. म्हणूनच नमुन्यात ‘नातवासाठी डबा’ आहे, ज्याच्यापुढे भरला, आणला, दिला, पाठवला, ठेवला असे बरेच पर्याय खुले राहतात.

यावरचा उपाय म्हणजे क्लोझ चाचणी. विल्सन टेलर यांनी १९५३ साली ती आणली ती मजकूर किती सोपा आहे हे मोजायला. पुढे मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी १९८४ साली दाखवलं की या चाचणीतल्या टक्केवारीप्रमाणे मेंदूतल्या एन४०० या विद्युत-लाटेची उंची बदलते. कृती सोपी आहे. वाक्य क्रियापदाच्या आधी, म्हणजे ‘लगेच’पर्यंत, तोडा आणि लोकांना पूर्ण करायला सांगा. ३२ संचांचे चार प्रकार म्हणजे १२८ तुकडे. त्यांचे चार गठ्ठे करा, प्रत्येक गठ्ठ्यात प्रत्येक संचाचं एकच रूप. दर गठ्ठ्याला ३० माणसं, एकूण १२०. संख्या मोठी वाटते, पण ही चाचणी मोबाइलवरच्या साध्या फॉर्मवर चालते, कारण इथे वेळ मोजायचा नसतो. प्रत्येक गठ्ठ्यात १६ वेगळ्याच धाटणीचे तुकडे मिसळा, म्हणजे लोकांना सूत्र सापडणार नाही. यातलं कुणीही मुख्य प्रयोगात बसता कामा नये.

उत्तरं मोजण्याचा नियम आधी लिहून ठेवा. ‘ठेवला’ आणि ‘ठेवला नाही’ एकत्र धरा. ‘ठेवायला नकार दिला’ वेगळं, कारण वाचणाऱ्याला पडद्यावर दिसणारं रूप ‘ठेवला’ आहे. ‘टाकला’ला ‘ठेवला’त ढकलू नका. अर्थ जवळचा असला तरी शब्द दुसरा आहे.

मग प्रमाण काढा. ३० पैकी २७ जणांनी ‘ठेवला’ लिहिलं तर ०.९. याचं रूपांतर अनपेक्षिततेत करतात, संशोधकांच्या भाषेत सरप्रायझल: प्रमाणाचा दोनच्या पायाचा लॉगॅरिदम घ्यायचा आणि चिन्ह उलटं करायचं. ०.९ म्हणजे ०.१५ बिट, ०.५ म्हणजे १ बिट, ०.१ म्हणजे ३.३२ बिट. शून्य आलं तर उत्तर अनंत निघतं, म्हणून अंशात १ आणि छेदात २ मिळवायची सोय ठेवा. ३० पैकी शून्य असेल तर १/३२, बरोबर ५ बिट. ही मिळवणी सगळ्याच तुकड्यांना सारखी लावा, फक्त शून्याला नाही.

पक्क्या बाजूला ०.८ किंवा जास्त, कच्च्या बाजूला ०.०५ ते ०.३ असा पट्टा धरा. कच्च्या बाजूला शून्य नको. शून्य म्हणजे क्रियापद बहुधा तिथे शोभतच नाही. आणखी एक पडताळणी बरेच जण विसरतात: कच्च्या बाजूला दुसरंच एखादं क्रियापद ०.६ च्या वर गेलं आहे का? समजा ‘लाडू’पुढे बहुतेकांनी ‘खाल्ला’ लिहिलं आणि तुम्ही ‘ठेवला’ दाखवणार आहात. ही कच्ची अपेक्षा नव्हे, मोडलेली पक्की अपेक्षा आहे, आणि मोडलेल्या अपेक्षेचा परिणाम वेगळा असतो. असा संच टाकून द्या. ३२ हवे असतील तर सुरुवातीला ४५ रचा, तेरा-चौदा गळतातच.

क्लोझच्या जागी मोठ्या मराठी मजकुरावर शिकवलेल्या भाषा-प्रारूपाकडूनही (पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज बांधणाऱ्या संगणकप्रणालीकडूनही) अनपेक्षितता काढता येते. ती जोडीला जरूर काढा, पण एकटीवर विसंबू नका. अशी प्रारूपं शब्दाचे तुकडे पाडतात, आणि देवनागरीत ते तुकडे कधी अक्षराच्याही मध्ये पडतात. एका शब्दाच्या सगळ्या तुकड्यांची अनपेक्षितता बेरजेने एकत्र करावी लागते. पहिल्याच तुकड्याची घेतलीत तर ‘ठेवला’ऐवजी ‘ठ’ किती अनपेक्षित होता तेवढंच हाती लागतं.

याच टप्प्यावर आणखी २० जणांकडून सगळी वाक्यं १ ते ७ अशा पट्टीवर ‘कितपत स्वाभाविक वाटतं’ म्हणून तपासून घ्या. जास्त अंतराच्या वाक्यांना कमी गुण पडतील, ते चालेल. ‘विश्वास’ आणि ‘डबा’ यांच्यात ही घसरण सारखी आहे ना, ते पाहायचं. एका बाजूला एका गुणाने आणि दुसऱ्या बाजूला अडीच गुणांनी घसरण असेल तर तुम्ही पुढे मोजाल तो फरक अपेक्षेचा नसून खटकण्याचा असेल.

गठ्ठे आणि भरतीची वाक्यं

मुख्य प्रयोगात एका माणसाला एका संचाचं एकच रूप दिसलं पाहिजे. लॅटिन चौकोनाची रीत वापरा: पहिल्या गठ्ठ्यात पहिल्या संचाचं रूप १, दुसऱ्याचं २, तिसऱ्याचं ३, चौथ्याचं ४, पाचव्याचं पुन्हा १, दुसऱ्या गठ्ठ्यात सुरुवात २ पासून. प्रत्येकाला प्रत्येक रूपाची आठ वाक्यं मिळतात. चारही गठ्ठ्यांना माणसं सारखी वाटा, म्हणजे एकूण संख्या चारच्या पाढ्यात येईल.

भरतीची वाक्यं दुप्पट, म्हणजे ६४. ही नुसती जागा भरायला नसतात. प्रत्येक ‘विश्वास’पुढे ‘ठेवला’, प्रत्येक ‘निर्णय’पुढे ‘घेतला’ असंच दिसत राहिलं तर वीस वाक्यांत वाचणारा तुमचा प्रयोगच शिकतो आणि अपेक्षा मराठीची न राहता प्रयोगाची होते. म्हणून भरतीत ‘विश्वास उडाला’, ‘निर्णय फिरवला’ अशी वाक्यंही हवीत. वर्तमानकाळ, भविष्यकाळ, प्रश्न, नकार, आखूड वाक्यं, सगळं मिसळा. क्रम प्रत्येकासाठी वेगळा, पहिली तीन वाक्यं भरतीची, आणि प्रयोगाची दोन वाक्यं लागोपाठ नकोत.

वाचलं की नुसतं बटण दाबलं हे कळण्यासाठी प्रश्न लागतात. निम्म्या वाक्यांवर पुरेत. ‘आजी कुठे गेली?’ असे शेपटीवरचेच प्रश्न विचारलेत तर लोक मधला भाग उडवायला लागतात, आणि तुमचं सगळं भांडवल तर मधल्या भागातच आहे. ‘विश्वास कुणी ठेवला?’ असं विचारा, पर्याय दोन: आजीने, नातवाने. बरोबर उत्तर निम्म्या वेळा डावीकडे, निम्म्या वेळा उजवीकडे.

पडद्यावर

पद्धत सेल्फ-पेस्ड रीडिंगची, सरकत्या खिडकीची. वाक्य आधी नुसत्या रेघांनी दिसतं. स्पेसबार दाबला की एक शब्द उघडतो, पुन्हा दाबला की तो झाकला जाऊन पुढचा उघडतो. दोन दाबांमधला वेळ म्हणजे त्या शब्दाचा वेळ. पीसीआयबेक्स हे असे प्रयोग चालवण्याचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि ब्राउझरमध्ये चालतं, त्यामुळे जोडाक्षरं जुळवण्याचं काम ब्राउझर करतो. दुसरं डेस्कटॉप सॉफ्टवेअर घेतलंत तर आधी ‘विश्वास’, ‘शेजाऱ्यांसमोर’, ‘दुसऱ्या’ हे तीन शब्द दाखवून पाहा. श्व सुटा पडला किंवा ऱ्य मोडला तर तिथेच थांबा.

देवनागरीतल्या बारीकसारीक चुका इथेच घुसतात. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य संगणकावर दोन वेगळ्या प्रकारे साठवला जातो: एकदा ऱ या स्वतंत्र चिन्हाने, एकदा साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखे, पण शब्दाची लांबी मोजताना आणि क्लोझची उत्तरं जुळवताना दोन वेगळे शब्द निघतात. सगळा मजकूर एका रूपात आणून घ्या. वर्डमधून चिकटवलेल्या वाक्यांत कधी न तुटणारी मोकळी जागा येते. मग ‘न विचारता’ दोन शब्द म्हणून न उघडता एकदमच उघडतं आणि क्रियापद दहावं न राहता नववं होतं. एक्सेलमधून साधी सीएसव्ही जतन केली तर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं उरू शकतात, म्हणून जतन करताना यूटीएफ-८ निवडा.

पूर्ण वाक्य एका ओळीत मावलं पाहिजे. अक्षराचा आकार २० ते २४ पिक्सेल ठेवला की पंधरा शब्द बहुतेक लॅपटॉपवर बसतात. नाही बसले तर आकार कमी करा, ओळ तोडू नका. ओळ ‘लगेच’नंतर तुटली तर ‘ठेवला’वरचा वेळ डोळ्यांच्या प्रवासाचा असेल. मोबाइलवरून भाग घेऊ देऊ नका. पडदा लहान, ओळ हमखास मोडणार, आणि स्पर्शाची नोंद प्रत्येक फोनवर वेगळ्या उशिराने होते.

माणसं किती, कोणती

मार्क ब्रिसबार्ट आणि मिखाएल स्टीव्हन्स यांनी २०१८ साली प्रतिक्रियावेळाच्या प्रयोगांसाठी सुचवलेला दंडक आहे: दर परिस्थितीला किमान १६०० नोंदी. आपल्याकडे दर माणशी दर रूपाची आठ वाक्यं, म्हणजे २०० माणसं. पदव्युत्तर प्रकल्पात ६० वर भागवतात, म्हणजे दर रूपाला ४८० नोंदी. तेवढ्यात मोठा परिणाम दिसेल, पण आपल्याला हवा असलेला परस्परपरिणाम, म्हणजे अपेक्षा बदलल्यावर अंतराच्या परिणामात पडणारा फरक, बहुधा २०-३० मिलिसेकंदांच्या घरातला असतो, आणि तो ६० जणांत दिसला नाही म्हणून ‘नाही’ असं म्हणता येत नाही. इतकंच कशाला, दिसला तरी त्याचा आकार फुगलेला असण्याची शक्यता मोठी. शक्य असेल तर दोन-तीन महाविद्यालयांनी मिळून करावं.

सगळ्यांना मराठी येतं एवढं पुरत नाही; देवनागरी सरावाने वाचणारी माणसं हवीत. शाळेचं माध्यम, बालपण कुठे गेलं, घरातली बोली, आठवड्याला मराठी वाचन किती, हे चार प्रश्न आधी विचारा. इंग्रजी माध्यमातून शिकलेला विद्यार्थी मराठी उत्तम बोलतो, पण वाचताना अक्षरं जुळवण्यात त्याचा वेळ जातो आणि अपेक्षेचा बारीक फरक त्याखाली दबतो. त्यांना वगळा किंवा वेगळा गट करा. पण हे निकाल पाहून नव्हे, आधी ठरवून. नावं लिहून घेऊ नका, क्रमांक द्या. संस्थेच्या नीतिसमितीची परवानगी आणि लेखी संमती आधी घ्या.

बैठक अशी: सूचना, सहा सरावाची वाक्यं, मग ९६ वाक्यं, मध्ये दोन विश्रांती. पंधरा शब्दांची ९६ वाक्यं म्हणजे १४४० शब्द, शब्दाला ४५० मिलिसेकंद धरले तर निव्वळ वाचन ११ मिनिटांचं. प्रश्न आणि विश्रांती धरून २५ मिनिटं. चाळीसच्या वर गेलात तर शेवटची वीस वाक्यं नुसत्या बटणाच्या तालावर जातात.

आकडे साफ करणं आणि मांडणं

आकडे गोळा करण्याआधीच तीन नियम लिहून तारखेसह जतन करा: प्रश्नांत ७५ टक्क्यांखाली असलेला माणूस बाद; १०० मिलिसेकंदांखालचे आणि ३००० वरचे वेळ बाद; तपासायचे शब्द तीनच, ‘ठेवला’ आणि त्यापुढचे ‘आणि’, ‘मग’. पुढचे दोन शब्द का? या पद्धतीत परिणाम बऱ्याचदा एक-दोन शब्द उशिरा उमटतो, कारण शब्द पुरता उमगायच्या आधीच बोट पुढे गेलेलं असतं. मात्र तीन जागा तपासल्या तर तीनदा नशीब आजमावल्यासारखं होतं, म्हणून सार्थकतेची मर्यादाही (फरक योगायोगाचा नाही असं म्हणण्याची अट) त्या प्रमाणात कडक करा.

शब्दाच्या लांबीचा परिणाम वजा करायचा असेल तर लांबी अक्षरांत मोजा. ‘विश्वास’ संगणकाच्या मोजणीत सात चिन्हांचा आहे, पण वाचणाऱ्याला वि, श्वा, स अशी तीनच अक्षरं दिसतात. ‘ठेवला’ पाच चिन्हांचा, अक्षरं तीन. तपासायचा शब्द चारही रूपांत तोच असल्यामुळे इथे ही दुरुस्ती फारशी लागत नाही. साच्याने ते काम आधीच केलेलं आहे.

विश्लेषण ‘आर’ या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेत, मिश्र-परिणाम प्रारूपाने, म्हणजे माणसामाणसांतला आणि संचासंचांतला फरकही हिशेबात धरणाऱ्या गणिताने. वेळाचा लॉगॅरिदम घ्या. पक्की अपेक्षा +०.५, कच्ची −०.५, जास्त अंतर +०.५, कमी −०.५; आणि दोघांचा गुणाकार. माणसं आणि संच या दोन्हींसाठी यादृच्छिक पद ठेवा. फक्त माणसांची सरासरी घेऊन तपासणी केली तर निकाल तुमच्या ३२ वाक्यांपुरताच खरा ठरतो; हर्बर्ट क्लार्क यांनी १९७३ साली यावर बोट ठेवलं होतं, तरी ही चूक अजून होते. वाक्य कितव्या क्रमांकाला आलं हाही एक घटक घ्या, कारण लोक शेवटाकडे भराभर वाचतात.

लॉगॅरिदमचा एक चकवा आहे. पक्क्या बाजूला अंतरामुळे वेळ ३०० वरून ३३० झाला आणि कच्च्या बाजूला ६०० वरून ६६०, तर मिलिसेकंदांत एकीकडे ३० ची आणि दुसरीकडे ६० ची वाढ दिसते, म्हणजे परस्परपरिणाम आहे. लॉगॅरिदममध्ये दोन्हीकडे १० टक्के, म्हणजे नाही. कोणती पट्टी मानायची ते आधी ठरवा, आणि दोन्हींचे निकाल छापा.

निकाल वाचताना

कच्च्या बाजूला अंतराने वेळ वाढला आणि पक्क्या बाजूला वाढला नाही, तर हिंदीतला २०१४ सालचा निष्कर्ष मराठीतही टिकला असं म्हणता येईल. दोन्हीकडे सारखाच वाढला तर स्मृतीचं पारडं जड दिसतं, पण थांबा: अवघडलेला शब्दक्रमही नेमकं हेच करेल. स्वाभाविकतेचे गुण प्रारूपात घालून पाहा. दोन्हीकडे घटला तर अपेक्षेचा सिद्धांत, कोनिएच्नी यांच्या जर्मन वाक्यांसारखा.

पक्क्या बाजूला अंतर असो-नसो ‘ठेवला’ नुसता जलद वाचला गेला, तर त्यावरून अपेक्षेबद्दल काहीही सांगू नका. ‘विश्वास ठेवला’मधल्या ‘ठेवला’ला स्वतःचा अर्थ जवळजवळ उरलेला नसतो, ‘डबा ठेवला’मध्ये डबा खरोखर कुठेतरी ठेवायचा असतो. हलकं क्रियापद जलद वाचलं जायला अपेक्षेची गरज नाही.

आणि काहीच दिसलं नाही तर? आधी भरतीच्या वाक्यांत लांब शब्दांवर जास्त वेळ गेला आहे का, वाचक शेवटाकडे वेगवान झाले आहेत का, हे तपासा. हे दोन ढोबळ परिणामही दिसत नसतील तर दोष सिद्धांतात शोधू नका, वेळाची नोंद, फाइलमधले रकाने आणि गठ्ठ्यांची वाटणी पाहा. बरेचदा दोन गठ्ठ्यांची नावं अदलाबदल झालेली सापडतात.